स्टेजपर्यंत आणि परत

आवडता बँड लाइव्ह ऐकायला परगावी जाण्याबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रं तिकिटाबद्दल आहेत, परतीच्या प्रवासाबद्दल विचारणारं पत्र एकच आलं. आमच्या मते हे प्रमाण उलट हवं होतं. तिकिटात निम्मा वाटा नशिबाचा असतो. रात्री दहाला पन्नास हजारांच्या गर्दीबरोबर स्टेडियमबाहेर आल्यावर पुढे काय, हे मात्र आधी ठरवून ठेवता येतं.

विक्री सुरू झाल्यावर दोनच मिनिटांत लॉगिन केलं, तरी रांगेतला नंबर लाखांत गेला. पुढच्या वेळी काय वेगळं करावं? (वाचक, सातारा)

तुमची दोन मिनिटंच नडली. मोठ्या विक्रीच्या वेळी साइट आधी एक 'वेटिंग रूम' उघडते. ठरलेल्या क्षणी तिथे जेवढे जण हजर असतात त्यांना नंबर बहुधा सोडतीसारखे वाटले जातात आणि नंतर येणारे सगळे त्यांच्यामागे लागतात. कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या शोची विक्री २२ सप्टेंबर २०२४ ला दुपारी १२ वाजता सुरू झाली. बाराला पाच कमी असताना साइटच कोलमडत होती आणि बारानंतर आलेल्यांचे नंबर लाखांच्या घरात होते. तेव्हा २०-२५ मिनिटं आधी लॉगिन करून बसा. एक खातं, एक फोन. त्याच खात्यानं लॅपटॉपवर दुसरी खिडकी उघडली की कधी कधी दोन्ही रांगांतून बाहेर पडायला होतं. आणि पान रिफ्रेश करायचं नाही, कितीही हात शिवशिवले तरी.

पण रांग पार करून पैसे भरताना अडकणारेही पुष्कळ असतात. साडेबारा हजारांची चार तिकिटं म्हणजे ५०,००० रुपये. डेबिट कार्डाची ऑनलाइन खर्चाची रोजची मर्यादा बऱ्याचदा याहून कमी ठेवलेली असते आणि ते कळतं ऐन वेळी. आदल्या दिवशी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ती वाढवा. नव्या फोनवर यूपीआय नुकतंच सुरू केलं असेल, तर पहिल्या २४ तासांत फारच थोडी रक्कम पाठवता येते. फोन बदलायचा मुहूर्त पुढे ढकला. ओटीपी येणारं सिम वडिलांच्या फोनमध्ये असेल, तर वडील शेजारी बसलेले हवेत. सीट निवडल्यावर पैसे भरायला काही मिनिटंच मिळतात. म्हणून दुसरी आणि तिसरी पसंती कागदावर लिहून ठेवा. पहिला स्टँड (बसायचा विभाग) संपला की मित्रांच्या ग्रुपवर चर्चा सुरू करायला वेळ नसतो.

पैसे कापले गेले आणि तिकीट आलं नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी 'माझी बुकिंग' बघा, ईमेल बघा. आणि 'सोल्ड आउट' दिसलं तरी लगेच उठू नका. कोल्डप्लेची आधी १८ आणि १९ जानेवारीच जाहीर झाली होती. २१ तारीख विक्रीच्याच दिवशी वाढवली, आणि ती रांगेत तग धरून बसलेल्यांना मिळाली.

एक जण ओळखीतून तिकिटाचा स्क्रीनशॉट देतो म्हणतोय, किंमत दीडपट. घ्यावं का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

नाही. गेटवर क्यूआर कोड एकदाच चालतो. तोच स्क्रीनशॉट चौघांना विकलेला असेल, तर जो आधी पोचला तो आत आणि उरलेले तिघं बाहेर. शिवाय अनेक अ‍ॅपमधला कोड ठराविक सेकंदांनी बदलत राहतो, त्याच्या स्क्रीनशॉटला काहीच किंमत नसते. अधिकृत अ‍ॅपमध्ये 'ट्रान्सफर'ची सोय असेल आणि तिकीट तुमच्या खात्यात आलेलं तुम्हाला दिसत असेल, तरच पुढे बोला. पैसे गेलेच असतील, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. तास-दोन तासांत तक्रार झाली तर पैसे समोरच्याच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

आम्ही दोघं कोल्हापूरहून नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधल्या शोला येणार. रात्रीच्या महालक्ष्मीनं परत निघता येईल ना? (वाचक, कोल्हापूर)

येणार नाही. परतीबद्दलचं एकमेव पत्र म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

महालक्ष्मी एक्स्प्रेस सीएसएमटीहून रात्री साडेआठच्या आतच सुटते. त्या वेळी तुमचा बँड जेमतेम तिसऱ्या-चौथ्या गाण्यावर असेल. येताना ती उत्तम, रात्री बसलात की सकाळी मुंबईत. परतीसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊच्या सुमारास सुटणारी कोयना धरा. नेरूळच्या बाजूला मुक्काम असेल, तर सीएसएमटी गाठायची गरज नाही. ट्रान्स हार्बर मार्गाच्या लोकलनं ठाणे, तिथून कल्याण, आणि कल्याणला कोयनेत चढा. सामान कमी ठेवलंत तर सकाळच्या लोकलमध्येही निभावतं.

आता बुकिंगचा क्रम. कॉन्सर्टची तिकिटं चार-चार महिने आधी विकली जातात, रेल्वेचं आरक्षण मात्र प्रवासाच्या ६० दिवस आधी खुलतं (३१ ऑक्टोबर २०२४ पर्यंत ही मुदत १२० दिवसांची होती). म्हणून तिकीट विक्रीच्या आदल्या दिवशीच फुकट रद्द करता येईल अशी खोली धरून ठेवा. तिकीट नाही मिळालं तर खोली सोडून द्यायची. उलट क्रमानं गेलात, तर तिकीट हातात पडेपर्यंत वाशी-नेरूळच्या लॉजचे दर दुप्पट-तिप्पट झालेले दिसतील. मग ६० दिवसांवर तारीख आली की सकाळी आठला रेल्वेचं आरक्षण. प्रवासाचा दिवस यात धरत नाहीत, कॅलेंडरवर नीट मोजा.

खोली कुठे घ्यावी? आमचं मत खारघर, बेलापूर किंवा पनवेल. शो संपल्यावर बहुतांश लोंढा मुंबई आणि ठाण्याकडे वळतो, पनवेलची दिशा त्या मानानं मोकळी असते.

शो किती वाजता संपेल याची फार काळजी नको. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस बहुतेक सणांनाच जातात. त्यामुळे आपल्याकडे परदेशी बँडही पावणेदहाच्या आसपास शेवटच्या गाण्यावर येतात. युरोपातले व्हिडिओ बघून 'अकराला संपेल' असा हिशेब धरणारे पहिल्या तीन गाण्यांना मुकतात.

बाहेर पडल्यावर नेरूळ आणि जुईनगर ही दोन्ही स्टेशनं पायी गाठता येतात. सगळे नेरूळकडे धावतात, तेव्हा जुईनगरचा रस्ताही आधी नकाशात बघून ठेवा. नेरूळहून सीएसएमटी, ठाणे, पनवेल आणि उरण अशा चार दिशांना गाड्या सुटतात आणि प्रत्येक दिशेच्या शेवटच्या गाडीची वेळ वेगळी. एम-इंडिकेटर या लोकलच्या वेळापत्रकाच्या अ‍ॅपवर आपल्या दिशेची वेळ बघून कागदावर लिहा, कारण स्टेडियममध्ये इंटरनेट चालेलच असं नाही. लोकलचं रिटर्न तिकीट जातानाच काढा. शो रविवारी असेल, तर दुपारचा मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी गाड्या बंद) हार्बर मार्गावर आहे का ते शनिवारी तपासा. जाताना अडकणारे यातच अडकतात.

अ‍ॅपवरून टॅक्सी स्टेडियमच्या दारात बोलावू नका. आसपासचे रस्ते पोलिसांनी बंद केलेले असतात, ड्रायव्हर पुलापलीकडे उभा राहतो, तुम्ही अलीकडे, फोन लागत नाही आणि तो बुकिंग रद्द करतो. गर्दीपासून किलोमीटर-दीड किलोमीटर चालत जा, मग बोलावा. रात्रीच मुक्कामाशिवाय परतायचं असेल, तर सायन-पनवेल महामार्गावरून पुण्याकडे जाणाऱ्या बस कळंबोलीला थांबतात. पुणेकरांसाठी हे उत्तम आहे. कोल्हापूरसाठी मात्र खासगी स्लीपरची सीट आधी धरलेली असावी आणि बसवाल्याकडून चढायची जागा नुसती 'नवी मुंबई' अशी न घेता पुलाच्या किंवा पेट्रोल पंपाच्या नावानिशी विचारून घ्यावी.

मुलगी १५ वर्षांची. मी बरोबर जाणार आहे. कानाला त्रास होईल का, आणि गर्दीत चुकामूक झाली तर? (एक आई, नाशिक)

आधी वयाची अट तिकिटाच्या पानावर वाचा. काही शोमध्ये स्टँडिंगला (मैदानात उभं राहून बघायची जागा) वेगळी अट असते आणि स्टँडला वेगळी.

कानाचं गणित असं. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो असं धरतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला अवघी १५ मिनिटं. रॉक कॉन्सर्टला स्पीकरजवळ १०० सहज ओलांडले जातात आणि शो दोन तासांचा असतो. तेव्हा इअरप्लग हवेतच, तिलाही आणि तुम्हालाही. कापूस घालून काही होत नाही.

मेडिकलमधले फोमचे प्लग स्वस्त असतात आणि चालतात, पण बरेच जण ते चुकीचे घालतात. नुसते कानाच्या तोंडाशी टेकवून ठेवले तर आवाज जवळपास तसाच आत येतो. स्वच्छ, कोरड्या बोटांनी प्लग पेन्सिलीसारखा बारीक वळा, सुरकुती न पडू देता. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, म्हणजे आतली वाट सरळ होते. वळलेला प्लग आत सरकवा आणि बोटानं २०-३० सेकंद धरून ठेवा, तो आत फुगत जातो. समोरून आरशात पाहिल्यावर प्लग बाहेर डोकावत असेल, तर काढून पुन्हा घाला. आपलाच आवाज मडक्यात बोलल्यासारखा वाटला की जमलं. फोममध्ये गिटारची धार बोथट होते ही तक्रार खरी आहे; वादकांसाठी मिळणारे फिल्टरचे प्लग महाग, पण सूर शाबूत ठेवून आवाज १५ ते २० डेसिबलनं उतरवतात. घरी दोन-तीनदा सराव करून जा. शोनंतर दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत राहिली, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

चुकामुकीसाठी: आत शिरताक्षणी भेटायची जागा ठरवा, आणि ती हलणारी नको. 'आइस्क्रीमवाल्यापाशी' नको, गेटचा नंबर, स्टँडचं अक्षर, प्रथमोपचाराचा तंबू चालेल. व्हॉट्सअ‍ॅप अडकलं तरी साधा एसएमएस बऱ्याचदा जातो. तुमचा नंबर तिच्या खिशात कागदावर लिहून ठेवा, कारण फोन हरवला की आजच्या मुलांना कुणाचाच नंबर पाठ नसतो.

अगदी पुढे, बॅरिकेडला टेकून उभं राहायचं असेल तर? (वाचक, पणजी)

सकाळी रांगेत लागायचं, दुपारी गेट उघडलं की भराभर चालत पुढे जायचं (पळू नका, पळणाऱ्यांना अडवतात), आणि मग पाच-सहा तास जागा सोडायची नाही. म्हणजे टॉयलेट नाही, पाणी मोजून. हे शरीराला मानवणार असेल तरच करा.

तुम्ही आवाजासाठी जात असाल, तर आम्ही पुढची जागा सुचवणारच नाही. मैदानाच्या मधोमध, स्टेजसमोर एक कुंपण घातलेला मांडव असतो. त्यात साउंड इंजिनिअर कन्सोलवर बसलेला असतो. तो जे ऐकतो त्यावरून आवाज ठरवतो, म्हणून त्या मांडवाच्या आसपास सगळ्यात नीट ऐकू येतं. पुढे मात्र पोटात घुमणारा बास आणि ड्रम्स, गायकाचे शब्द डोक्यावरून जातात. मांडवाच्या कठड्याला पाठ टेकता येते, हा वरचा फायदा.

गर्दीच्या रेट्याची चेष्टा करू नये. ३० जून २००० रोजी डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅम हा बँड गात असताना पुढच्या गर्दीत नऊ तरुणांचा जीव गेला. हात खाली लोंबते ठेवू नका. छातीसमोर, मुष्टियोद्ध्यासारखे, म्हणजे श्वासाला जागा राहते. रेटा आला की त्याला अडवू नका, त्याच्याबरोबर जा आणि तो ओसरला की तिरकं कडेला सरका. हात वर करून डोकं खाजवता येईनासं झालं, की तिथून निघायची वेळ झाली. खाली पडलेला फोन उचलायला वाकू नका. फोन नवा मिळतो.

लोलापलूझाला मनगटावर पट्टा असतो म्हणे. आदल्या रात्री घालावा का? (वाचक, अमरावती)

मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ पासून होणाऱ्या या महोत्सवात पट्टा हेच तिकीट आणि त्यातल्या चिपमध्ये खाण्यापिण्याचे पैसे. पट्ट्यावर प्लास्टिकचा छोटा मणी असतो, त्याच्या आतले दात एकाच दिशेनं सरकू देतात. एकदा घट्ट केला की सैल होत नाही आणि कापलेला पट्टा गेटवर चालत नाही. म्हणून सकाळी निघताना घाला, आणि मणी ओढताना पट्ट्याखाली एक बोट ठेवा. दोन दिवस तो अंघोळीतही काढता येणार नाही. आधी अ‍ॅपवर नोंदणी करा, म्हणजे हरवला तर पैसे अडवता येतात. उरलेली रक्कम परत मागायची मुदत असते, ती टळू देऊ नका.

दुपारच्या उन्हात पाणी पीत राहा. ओआरएस नेत असाल तर न फोडलेली पाकिटं न्या. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, ते ग्लासभर पाण्यात ओतलं तर उलट तहान वाढते आणि पोट बिघडतं.

माझं वय ६६, गुडघे दुखतात, पण डीप पर्पलच्या काळापासूनचा रॉकवेडा आहे. जमेल का? (वाचक, ठाणे)

जमेल. स्टँडिंग घेऊ नका, खुर्चीचं तिकीट घ्या आणि शक्यतो खालचा स्टँड, कडेची सीट. स्टेडियमच्या वरच्या स्टँडचे जिने उतरताना कठीण जातात, त्यातही अंधारात आणि घाईच्या गर्दीत. शेवटचं गाणं संपल्यावर २०-२५ मिनिटं बसूनच राहा, जिना रिकामा होतो. काठी असेल तर आयोजकांना आधी ईमेल करून ठेवा, म्हणजे गेटवर वाद होत नाही.

शो रद्द झाला तर प्रवासाचे पैसे मिळतात का? (वाचक, नागपूर)

तिकिटाची किंमत परत येते. विमान, रेल्वे, हॉटेल यांचं नुकसान तुमचंच. २८ ऑक्टोबर २०११ ला गुडगावला मेटॅलिकाचा शो होणार होता, देशभरातून लोक पोचले होते. बॅरिकेड मोडलं, शो आधी पुढे ढकलला आणि मग रद्दच झाला. दोन दिवसांनी बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर तोच बँड ठरल्याप्रमाणे वाजवून गेला. दूरच्या गावाहून जाणाऱ्यांनी म्हणून हॉटेल रद्द करता येणारं घ्यावं आणि शोच्या दिवशी सकाळचं विमान टाळून आदल्या दिवशी पोचावं. हिवाळ्यात दिल्ली गाठायची असेल, तर धुक्यासाठी हाताशी आणखी एक दिवस ठेवा.

जर्मनीतल्या वाकेनला जायचं स्वप्न आहे. कुठून सुरुवात करू? (वाचक, पुणे)

वाकेन हे हॅम्बुर्गच्या वायव्येकडचं छोटं खेडं. १९९० पासून तिथे हेवी मेटल संगीताचा महोत्सव भरतो, जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला. मुंबईचा डेमॉनिक रिझरेक्शन आणि दिल्लीचा ब्लडीवूड हे बँड तिथे वाजवून आले आहेत.

तिकिटं जवळपास वर्षभर आधी निघतात आणि कधी कधी काही तासांतच संपतात, म्हणजे व्हिसा मिळण्याच्या कितीतरी आधी पैसे गुंततात. शेंगेन व्हिसासाठी (जर्मनीसह युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मे-जूनमध्ये सुट्टीला जाणाऱ्यांची झुंबड असते, तेव्हा मार्च-एप्रिलमध्येच भेटीची वेळ घ्या. मोठ्यांना फी ९० युरो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. नुसतं महोत्सवाचं तिकीट जोडून भागत नाही. प्रत्येक रात्र कुठे काढणार ते दाखवावं लागतं, तंबूतल्या रात्रीही. नोकरीचं रजापत्र आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट बरोबर ठेवा. खात्यात अर्जाच्या आठवड्यात अचानक आलेले दोन लाख अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटत नाहीत.

हॅम्बुर्गहून रेल्वेनं इत्सेहो, साधारण तासाभराचा प्रवास, तिथून महोत्सवाची शटल बस. मैदान म्हणजे शेतंच आहेत. पाऊस झाला की कोकणात लावणीच्या वेळी असतो तसा गुडघाभर चिखल. २०२३ मध्ये इतका पाऊस झाला की आयोजकांनी प्रवेशच बंद केला आणि वाटेत असलेल्या हजारो लोकांना माघारी फिरावं लागलं. तेव्हा हॅम्बुर्गचं विमान एक-दोन दिवस आधीचं घ्या. सामानात आपल्याकडचे शेतात वापरायचे गमबूट आणि पोंचोसारखा रेनकोट ठेवा. छत्री गर्दीत चालत नाही. ऑगस्ट असला तरी रात्री गारठा पडतो, स्वेटर विसरू नका.

बँडचा टी-शर्ट शोच्या आधी घ्यावा की नंतर? (वाचक, सोलापूर)

आधी, आत शिरल्या शिरल्या. मीडियम आणि लार्ज पहिल्या दोन तासांत संपतात, नंतर उरतात स्मॉल आणि डबल एक्सएल. पिशवी सांभाळत बसू नका, अंगातल्या शर्टावरच चढवा. परदेशी बँडच्या मापांवर जाऊ नका, अंगाला लावून बघा. घरी पहिल्यांदा धुताना उलटा करून, गार पाण्यात, एकटाच धुवा. काळा रंग पहिल्या धुण्यात बराच सुटतो.